एक वाट, सहा रविवार: थंडी सरताना टेकडीवर कसं चालावं

फेब्रुवारीत टेकडीवर बघण्यासारखं काय असतं, असं मला दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच. गवत वाळलेलं, निम्मी झाडं उघडी, वाटेवर धूळ. "पावसाळ्यात येऊ की ताई, तेव्हा सगळं हिरवंगार असतं." पावसाळ्यात याच. पण झाडं-पक्षी ओळखायला नव्यानं शिकायचं असेल तर श्रीगणेशा आत्ता करा, थंडी ओसरायला लागली की लगेच. पावसाळ्यात सगळंच हिरवं असतं आणि नवख्या डोळ्याला त्या हिरव्यातून काही वेगळं काढता येत नाही. आत्ता पानं गळलेली असतात. पक्षी लपत नाहीत, झाडाची ठेवण बुंध्यापासून शेंड्यापर्यंत दिसते, गेल्या वर्षीची घरटी दिसतात. आणि आपल्या कोरड्या डोंगरांवरची कितीतरी झाडं नेमकी याच दिवसांत, अंगावर एक पान नसताना फुलतात.

पंचांगाप्रमाणे माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर, आणि वसंत चैत्रात लागतो. झाडं मात्र त्याआधीच कामाला लागलेली असतात. महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते असं घरोघरी म्हणतात. माझा अनुभवही तोच, म्हणून माझं वेळापत्रक मी त्यावरच बांधते: महाशिवरात्रीच्या आगेमागे पहिला रविवार, गुढीपाडव्याच्या आगेमागे सहावा. मध्ये होळी येते. या पाच-सहा आठवड्यांत एकाच वाटेनं सहा वेळा चाला. सहा वेगवेगळी ठिकाणं बघू नका. या लेखात मला सांगायचं आहे ते मुख्यतः एवढंच, बाकी सगळा त्याचा तपशील.

वाट निवडा, आणि मग ती बदलू नका

घरापासून अर्ध्या तासात पोचता येईल अशीच जागा घ्या. लांबची जागा कितीही सुंदर असली तरी तिसऱ्या रविवारी कंटाळा होतो आणि नेम मोडतो. मी पुण्याच्या वेताळ टेकडीवर चालते, म्हणून उदाहरणं तिथलीच देते. शहरातली ही सर्वांत उंच जागा, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. पाषाणच्या पंचवटीकडून किंवा लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूनं वर चढता येतं. माथ्यावर वेताळबाबाचं देऊळ आहे आणि जुन्या दगडखाणीत पाणी साठतं, त्यामुळे पाखरांची ये-जा असते.

नवख्यांनी जाऊन-येऊन दोन ते तीन किलोमीटरची वाट धरावी. ही दमवणारी चाल नव्हे. तीन किलोमीटरला अडीच तास लागले तर तुम्ही बरोबर चाललात असं समजा. सुरुवातीला मी एका भराभर चालणाऱ्या गटाबरोबर जायचे. तासाभरात टेकडी पालथी घालून खाली चहाला हजर. दोन वर्षं त्या वाटेनं चालून मला तिथली पाच झाडंसुद्धा माहीत नव्हती. एकदा पायाला लागलं, महिनाभर हळू चालावं लागलं, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा टेकडी दिसली.

वाटेत तीन थांबे ठरवून टाका: एक मोठं झाड, एक पाण्याजवळची जागा, एक उघडं पठार किंवा माथा. दर रविवारी या तिन्ही ठिकाणी दहा-दहा मिनिटं बसायचं. मोठं झाड निवडताना पानं गाळणारं निवडा. पळस, सावर, सालई, पिंपळ, काहीही चालेल. टेकडीवर हिरवीगार उंदीरमारी भरपूर दिसेल. तिला गिरिपुष्पही म्हणतात. ती मध्य अमेरिकेतून आलेली आणि इथं मुद्दाम लावलेली. या दिवसांत तिला गुलाबी फुलांचे तुरे येतात आणि फोटो छान निघतात, पण थांब्यासाठी आपल्या मातीतलं झाड घ्या. पक्षी आणि किड्यांची वर्दळ तिथं जास्त असते.

किती वाजता

फेब्रुवारीत पुण्यात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, मार्चअखेर साडेसहाच्या आसपास. उजाडल्यावर निघा, अंधारात नको. बिबट्या, साप, भटकी कुत्री, लूटमार, सगळ्यांसाठी हाच नियम. एकट्यानं जाऊ नका, दोघं-तिघं असा, आणि घरी कुणाला तरी वाट सांगून ठेवा. साडेनऊपर्यंत परत फिरा. दहानंतर ऊन चढतं, पक्षी सावलीत गप्प बसतात आणि खडक तापायला लागतो. संध्याकाळी जायचं तर पाचला चढून सूर्यास्ताआधी खाली उतरा, पण पहिल्या सहा वेळा सकाळच बरी.

अंगावर आणि पाठीवर

पहाटे स्वेटर लागतो आणि नऊला नकोसा होतो, म्हणून एकावर एक दोन पातळ कपडे घाला. रंग मातकट, खाकी, फिका हिरवा. भडक पांढरा आणि लाल नको. पूर्ण लांबीची पँट घाला आणि घोटा झाकणारे बूट. चपला-सँडल अजिबात नकोत, कारण वाळलेलं कुसळी गवत.

म्हणीतलं कुसळ ते हेच. दुसऱ्याच्या डोळ्यातलं दिसतं ते. पायमोजात अडकलं की दर पावलाला टोचतं, आणि उपटायला गेलं तर टोक आत राहतं. वैतागू नका, एक कुसळ नीट काढून तळहातावर ठेवा. खाली सुईसारखं अणकुचीदार बी, त्यावर उलट्या दिशेचे तपकिरी केस, आणि वर पिळलेली, मध्येच कोपरासारखी वाकलेली लांब काळसर शेपटी. आता तिच्यावर पाण्याचे दोन थेंब टाका आणि थांबा. थोड्याच वेळात ती शेपटी स्वतःभोवती फिरायला लागेल, पीळ सुटायला लागेल. वाळली की पुन्हा पीळ भरतो. मातीवर पडलेलं बी असंच ओल-कोरडं होत गिरमिटासारखं जमिनीत शिरतं, आणि ते उलटे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. पावसाआधी पेरणी झालेली असते ती अशी. लहान मुलं बरोबर असतील तर हा प्रयोग नक्की करा. माझ्याबरोबर आलेली मुलं पक्ष्यांची नावं विसरली, पण फिरणारं कुसळ कुणी विसरलं नाही.

पाठीवर माणशी एक लिटर पाणी, मार्चमध्ये दीड. टोपी. गूळ-शेंगदाणे किंवा दशमी-चटणी, पाकिटातला कुरकुरीत खाऊ नको. त्याच्या आवाजानं पाखरं उडतात आणि पाकिटं टेकडीवर राहतात. छोटी वही आणि पेन्सिल. दुर्बीण असेल तर उत्तम, ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) नवख्यांना सोयीची पडते, पण पहिल्या सहा रविवारांसाठी विकत घेऊ नका. एक सुती ओढणी किंवा पंचा मात्र हवाच. ऊन, धूळ आणि मधमाश्या, तिन्हींना उपयोगी पडतो. अत्तर, सेंट, वासाचं तेल लावून येऊ नका. का, ते पुढे सांगते.

पहिली वीस मिनिटं

वाटेला लागल्यावर शंभर पावलं चाला आणि उभे राहा. बोलणं बंद. डोळे मिटून पाच वेगवेगळे आवाज मोजा. शहराचा आवाज आधी येईल, येऊ द्या. त्याखाली हळूहळू बाकीचे ऐकू यायला लागतात. कुणी तरी लांबून, एका सुरात, न थांबता 'टुक टुक टुक' असं तांब्याच्या भांड्यावर ठोके घातल्यासारखं वाजवत असेल. तो तांबट. थंडीत तो फारसा बोलत नाही, ऊन तापायला लागलं की सुरू होतो. म्हणून माझ्या लेखी वसंताची पहिली खूण कोकीळ नाही, तांबटच.

त्याला शोधा, हा चांगला धडा आहे. आवाज डावीकडून येतोय असं वाटतं, मग उजवीकडून. पक्षी एकच असतो, तो बोलताना मान फिरवत राहतो. उघड्या झाडाचा अगदी वरचा शेंडा बघा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, गुबगुबीत, कपाळावर आणि गळ्याखाली लाल. चोच मिटलेलीच असते, दर 'टुक'ला गळ्याची कातडी फुगते. हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं की पुढं प्रत्येक आवाजामागचा पक्षी शोधायची सवय लागते. वाळलेल्या मऊ फांदीच्या खालच्या बाजूला रुपयापेक्षा थोडं मोठं, कंपासानं काढल्यासारखं गोल भोक दिसलं तर तिथं त्याची ढोली असू शकते. वीस पावलं लांब बसून बघा, जवळ जाऊ नका.

तांबडी फुलं येणारी तीन झाडं

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, इथं घाई करू नका. या दिवसांत तांबड्या फुलांनी पेटलेलं, पानं नसलेलं झाड दिसलं की सगळे "पळस!" म्हणतात. पण ती तीन वेगळी झाडं आहेत: पळस, पांगारा आणि काटेसावर. ही तीन वेगळी ओळखता आली की तुमचा पाया पक्का झाला.

लांबून बघताना आधी फुलं बघू नका, झाडाची ठेवण बघा. सावर सरळसोट. खांबासारखं खोड, त्यातून मजल्या-मजल्यानं आडव्या फांद्या निघालेल्या, आणि त्यांवर एकेक मोठं फूल सुटं बसलेलं. पळस वेडावाकडा, ठेंगणा, गाठी-गाठींचा. फुलं काळसर डहाळ्यांना लगडलेली, इतकी दाट की फांदी दिसत नाही. पांगाऱ्याची फुलं फांदीच्या टोकाला घोसानं येतात, जणू प्रत्येक फांदीच्या टोकाला पलिता लावलाय.

मग जवळ जा. खोडाला शंकूसारखे जाड, टणक काटे असतील तर सावर. झाड म्हातारं होतं तसे खालचे काटे झडतात, म्हणून वरच्या फांद्याही बघा. पांगाऱ्यालाही काटे असतात, पण बारीक. पळसाला काटे नाहीत. पानांवरून ओळखू म्हणाल तर आत्ता पानंच नसतात, आणि असली तरी फसगत होते: पळसाला पानं तीनच हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण पांगाऱ्यालाही तीन-तीनच असतात.

झाडाखाली बसा आणि पडलेलं फूल उचला. तोडू नका, झाडाखाली सडा पडलेला असतो. सावरीचं फूल वरून 'थप्' असा आवाज करत पडतं, तेवढं ते जड असतं. तळहात भरून जातो. पाच जाड, मांसल, वेलवेटसारख्या पाकळ्या आणि मध्ये पुंकेसरांचे झुबके. पळसाचं फूल हातात घेतलं तर आधी त्याचा काळपट, मखमली पेला बोटाला लागतो. पाकळ्या केशरी, त्यांवर रुपेरी लव. एक पाकळी पोपटाच्या चोचीसारखी बाकदार असते. संस्कृतातलं त्याचं नाव किंशुक, म्हणजे 'हा पोपट तर नव्हे?' ती चोच नखानं अलगद उघडा. आत पुंकेसर दिसतील, दहा. नीट बघा, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. वास घ्या, वास नाहीच. मग पाखरांना कशानं बोलावतो? रंगानं आणि पेल्याच्या तळाशी असलेल्या मधानं. साळुंकी किंवा बुलबुल चोच खुपसतात तेव्हा ती बाकदार पाकळी दबते, आतले पुंकेसर बाहेर येतात आणि पाखराला पराग लागतात. तेच पराग पुढच्या झाडावर जातात.

पानं का नाहीत, हेही इथंच समजून घ्या. थंड देशांतली पानगळ थंडीमुळे होते, आपल्याकडची पाण्यामुळे. दिवाळीनंतर पाऊस नाही, जमिनीतली ओल खाली खाली जाते, आणि पानं तर सारखी पाणी उडवत असतात. झाड पानं टाकून देतं आणि तो खर्च बंद करतं. पानं नाहीत म्हणून फुलं लांबून दिसतात. पाखरांना मध लागतो, झाडाला पाखरं लागतात, आणि दोघांचं काम अशा उघड्या फांद्यांवर सोपं होतं.

मेलेली वाटणारी झाडं

तांबड्या फुलांनी डोळे दिपले की बाकीची झाडं राहून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या रविवारी त्यांच्याकडे वळा. भुताच्या गोष्टीतून आल्यासारखं पांढरंफटक, गुळगुळीत, कागदासारखे पापुद्रे निघणारं झाड दिसलं तर ते कांडोळ, त्याला भुत्या म्हणतात ते उगाच नाही. संधिप्रकाशात दुरून बघा म्हणजे कळेल. त्याच्या फळांवरची तांबूस लव टोचते, हात लावू नका. खडकाळ उतारावर, पिवळसर-हिरवट सालीचं, पातळ पापुद्र्यांचं झाड म्हणजे सालई. तिचा डिंक धुपासारखा जाळतात. मोई तर डिसेंबरपासून अशी उघडी असते की नवखा माणूस हमखास म्हणतो, "हे मेलंय." नखानं बारीक डहाळी जराशी खरवडली तर आत हिरवी ओल दिसेल. असं एकाच ठिकाणी, एकदाच करा.

आणि गणेर. याला सोनसावरही म्हणतात, पण सावरीचा हा सख्खा नव्हे. एरवी दगडांतलं हे वाकडं झाड कुणी बघत नाही. फेब्रुवारीत त्याला तळहाताएवढी, पिवळीधमक फुलं येतात, आणि राखाडी उतारावर दिवा लावल्यासारखं दिसतं. गणेर फुललेला दिसला की त्या दिवशी मी पुढं जात नाही.

येणारे आणि जाणारे

पक्षी शिकताना नवखे लोक यादी वाढवायच्या मागे लागतात. तसं करू नका. या सहा आठवड्यांत दोनच गोष्टी बघा: कोण निघून जातंय, आणि कोण कामाला लागलंय.

जाणाऱ्यांत थिरथिरा धरा. चिमणीएवढा, काळसर, पोट आणि शेपटी विटकरी, आणि बसला की शेपटी थरथरवतो म्हणून हे नाव. दगडावर, बांधावर, कुंपणाच्या तारेवर बसतो. हिवाळ्यात तो उत्तरेकडून, हिमालय आणि त्यापलीकडून येतो. एखादा ठरावीक दगड त्याचा ठरलेला असतो. तुमच्या वाटेवरचा तो दगड शोधून ठेवा. एका रविवारी तो रिकामा दिसेल, ती तारीख लिहा. धोबी आणि गप्पीदास यांचंही तसंच. भोरड्या मात्र जाता जाता दर्शन देतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या या मैनांचे थवे सावर-पळसावर उतरले की झाड बोलायला लागल्यासारखा कलकलाट होतो.

कामाला लागलेल्यांत तांबट आलाच. शिंजीर नराचं अंग उन्हात जांभळं-निळं चमकायला लागतं. उघड्या माळावर टिटवी दगडांतच अंडी घालते, घरटं असं काही नसतंच. ती डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली तर पायाखाली बघत आल्या वाटेनं मागं फिरा. अंडी खड्यांसारखीच असतात, दिसत नाहीत, आणि पाय पडतो.

मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. आत्ता त्यांचा जागा धरण्याचा, जोडी जमवण्याचा काळ असतो. खोट्या आवाजामागं धावण्यात त्यांची सकाळ जाते. ओळखीसाठी मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकायला वापरा, वाजवायला नाही.

वही

फोटो काढाच, पण वहीला पर्याय नाही. दर रविवारी एक पान: तारीख, वेळ, हवा, आणि तीन थांब्यांवर काय बदललं. 'छान वाटलं' असं लिहू नका. "पळस: कळ्या निम्म्या, फुलं निम्मी, पान नाही. दोन बुलबुल, मुंग्या. झाडाखाली १४ फुलं" असं लिहा. निवडलेल्या झाडापुढे चार रकाने आखा: जुनी पानं, कोवळी पानं, कळ्या-फुलं, फळं-शेंगा. प्रत्येकात 'नाही, थोडं, खूप' यांपैकी एक शब्द. एवढं पुरे.

ही नोंद एकट्याची राहू नये असं वाटलं तर 'सीझनवॉच' नावाचा नागरिकांचा उपक्रम आहे. आपलं एक झाड तिथं नोंदवायचं आणि दर आठवड्याला ते बघून कळवायचं. पक्ष्यांसाठी फेब्रुवारीच्या मध्यात चार दिवस जगभर गणना होते, किमान पंधरा मिनिटं मोजणी करून 'ई-बर्ड' या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची. नवख्यांनी यात भाग घ्यायला मुळीच संकोचू नये. पाच पक्षी ओळखता आले तर पाच लिहा.

जपायचं कशाला

पहिलं, आग्या मोहोळ. फुलांचा हंगाम म्हणजे मधमाश्यांचा हंगाम. कड्याला, उंच झाडाच्या फांदीखाली काळसर, लोंबती पोळी दिसतात. सेंटचा उग्र वास, धूर, दगड मारणं, मोठा आवाज, यांपैकी कशानंही त्या उठू शकतात. गडांवर गेलेल्या गटांवर असे हल्ले झाल्याच्या बातम्या आपण याच दिवसांत वाचतो. पोळं दिसलं की गप्प बाजूनं निघा. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. ओढणी तोंडावर घ्या, डोळे-नाक झाका आणि लांब पळा, शक्य तर बंद जागेत शिरा. पाण्यात उडी मारू नका. डंख जास्त असतील, किंवा श्वासाला त्रास, ओठ-जीभ सुजणं, चक्कर असं काही झालं तर वेळ न घालवता दवाखान्यात.

दुसरं, खाजकुयली. सह्याद्रीच्या वाटांवर वेलीला सोनेरी-तपकिरी, मखमली, इंग्रजी एससारख्या वळलेल्या शेंगा लटकलेल्या दिसतील. हातात घ्यावीशी वाटेल इतकी सुंदर शेंग आहे. घेऊ नका, आणि वारा सुटला असेल तर वेलीखालूनही जाऊ नका. अंगाला लागलीच तर चोळू नका. चिकटपट्टी लावून लव उपटून काढा, मग धुवा, आणि कपडे वेगळे ठेवा.

साप या दिवसांत सकाळी ऊन खायला बाहेर येतात. फुरसं दगडाखाली असतं, घोणस पालापाचोळ्यात. म्हणून दगड उलटायचे नाहीत, आणि हात तिथंच टेकायचा जिथं डोळे आधी गेलेत. चावलाच तर आवळपट्टी नको, चिरा नको. तो भाग हलवू न देता सरळ रुग्णालय.

आणि वणवा. याबद्दल मला कळकळीनं सांगायचंय. फेब्रुवारी ते मे टेकड्या जळतात, आणि ती आग बहुतेक वेळा माणसाची असते. विडीचं थोटूक, शेकोटी, किंवा गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं ही समजूत. जमिनीत घुसायला टपलेलं ते कुसळ, टिटवीची अंडी, बोटभर उंचीची सालईची रोपं, सगळं एका दुपारी जातं. मोठं झाड तगतं, पण त्याच्याखाली नवीन एकही उरत नाही. म्हणून टेकडीवर काडेपेटी न्यायचीच नाही. धूर दिसला तर वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा, नेमकी जागा सांगा. आग वाऱ्याबरोबर चढावर धावते, तेव्हा वर पळू नका, आगीच्या वाटेतून उताराला आडवं चालत बाजूला व्हा. स्वतः विझवायला धावू नका. वनविभागानं गवत आधीच जाळून काढलेले लांब काळे पट्टे दिसतील. त्या जाळरेषा, त्या वणवा अडवायला असतात.

पुण्याबाहेर असाल तर

मुंबईकरांना बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे. सावर आणि पांगारा तिथं सहज दिसतात. अभयारण्यात आणि उद्यानात तिकीट आणि वेळेचे नियम असतात, आधी चौकशी करा. महाबळेश्वर-माथेरानच्या सदाहरित जंगलात पानगळ फारशी दिसणार नाही, तिथं अंजनीच्या खोडा-फांद्यांना चिकटलेली निळी-जांभळी फुलं शोधा. विदर्भात पळस रानंच्या रानं पेटवतो आणि मार्चमध्ये मोह पडायला लागतो. पहाटे मोह वेचणाऱ्या बायका-पोरांची ती वर्षाची कमाई आहे. त्यांच्या झाडाखालून फिरू नका, रामराम करून कडेनं जा, आणि त्यांना वेळ असेल तर विचारा. एका सकाळी त्यांच्याकडून जेवढं कळतं तेवढं मला वर्षभरात कळलं नव्हतं. साताऱ्याकडच्या पठारांवर ऊन वाढलं की गळ्याखाली निळा-काळा-केशरी पंखा उघडणारे सरडे दिसतात. त्यांच्या एका गटाला २०१६ साली शास्त्रज्ञांनी शास्त्रीय नावच 'सरडा' असं दिलं, आपल्या मराठी शब्दावरून.

सहाव्या रविवारी

पाडव्याच्या सुमारास परत त्या तीन थांब्यांवर जा. थिरथिऱ्याचा दगड रिकामा असेल. वाटेतल्या करंजानं मधल्या एखाद्या आठवड्यात पानं टाकून नवी घेतलेली असतील, तेलाचा हात फिरवल्यासारखी चकचकीत पोपटी. पिंपळाला तांबूस, पातळ, आरपार दिसणारी पालवी फुटलेली असते. एक पान उन्हाकडे धरून बघा, शीर न् शीर दिसते. पण शेजारी-शेजारी उभ्या दोन पिंपळांत एक पालवलेला आणि दुसरा अजून उघडा, असंही असेल. त्यात काही चुकलेलं नाही, लिहून ठेवा. सावरीखाली आता फुलं नसतील, वर हिरवी, लांबट बोंडं धरलेली दिसतील. महिनाभरानं ती उकलतील आणि कापूस वाऱ्यावर निघेल.

पळसाखाली मात्र थोडं थांबा. फुलं संपत आलेली, सडा वाळून काळपट झालेला. आता फांद्यांची टोकं जवळ ओढून बघा. करड्या लवेत गुंडाळलेले, दुमडलेले इवलेसे कोंब असतील. मोजा. तीन-तीनच निघतील.